बाण त्यांचा, अभ्यास यांचा

आता तिरंदाजीसुद्धा सुटली नाही. लास व्हेगासच्या त्या इनडोअर तिरंदाजी स्पर्धेवरच्या सट्ट्याचे भाव या आठवड्यात कुठकुठल्या ग्रुपांवर फिरले ते तुम्हीही पाहिलं असेल, त्यामुळे पुन्हा सांगत बसत नाही. माझा राग भावांवर नाही. भाव फिरणारच. पाऊस कधी पडेल आणि सरकार कधी पडेल, दोन्हींवर पैसे लावणारे लोक आपल्यात आहेत. राग आला तो त्या भावांच्या तक्त्याखाली आमच्या इमारतीतल्या एका सद्गृहस्थांनी लिहिलेल्या वाक्याचा. ‘हा जुगार नाही, हा प्युअर स्किलचा गेम आहे.’ पुढे कोण जिंकण्याची शक्यता किती टक्के, हेही त्यांनी दिलं होतं. दोन दशांश स्थळांपर्यंत.

बोलताना दशांश वापरणाऱ्या माणसाला मी उसने पैसे देत नाही. ताप मोजणारे डॉक्टर आणि सोनं तोलणारे सोनार तेवढे अपवाद.

दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले. फोन स्पीकरवर होता, तिकडून कुणीतरी ‘टिप’ देत होतं आणि चौथ्या मजल्यापर्यंत ती आम्हा सगळ्यांना फुकट मिळाली. फोन स्पीकरवर ठेवून लिफ्टमध्ये शिरणाऱ्यांसाठी दंडविधानात एखादं कलम असायला हवं, ते असो. त्यांचं म्हणणं असं, ‘अहो, बाहेरच्या मैदानात वारा असतो, ऊन असतं, पाऊस येतो. इनडोअरमध्ये काहीच नाही. बंद हॉल, ठरलेलं अंतर, एकसारखा प्रकाश, न हलणारं लक्ष्य. नशिबाला आत यायला दारच नाही. मग उरतं काय? स्किल. आणि स्किलवर पैसे लावणं म्हणजे जुगार नव्हे, अभ्यास.’

यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून तर चीड येते. व्हेगासची ती स्पर्धा कौशल्याची कमालच आहे. अठरा मीटरवर तीन छोटी लक्ष्यं, प्रत्येकात एक बाण. दहा गुणांचं वर्तुळ चार सेंटिमीटरचं. रोज ३० बाण, असे तीन दिवस. ९० च्या ९० बाण त्या वर्तुळात गेले तर ९०० गुण. आणि कंपाउंड धनुष्यवाल्यांत हे ९०० करणारे एकदोन नसतात, चांगली रांग असते. माईक श्लोसर या डच तिरंदाजाने २०१५ मध्ये फ्रान्समधल्या नीम येथे ६० बाणांत ६०० पैकी ६०० केले, तेही दहाचं वर्तुळ आणखी लहान असताना. माणसाचा हात इतका स्थिर राहू शकतो हे पाहून आपण गप्प बसावं. आमचे गृहस्थ मात्र गप्प बसत नाहीत, ते अभ्यास करतात.

आता मला सांगा, यात कौशल्य कुणाचं? पहाटे उठून खांदे भरून येईपर्यंत धनुष्य ओढलं कुणी? एक बाण सोडण्याची एकच कृती हजारो वेळा, कंटाळा आला तरी, करत राहिलं कोण? ते तिरंदाज. आमचे गृहस्थ त्या वेळी उशीला टेकून फोन चार्जिंगला लावून पडलेले होते. खेळ कौशल्याचा आहे हे शंभर टक्के मान्य. पण त्यांनी लावलेले पैसे खेळात नाहीत, खेळाच्या निकालावर आहेत. गायक उत्तम गायला म्हणून पहिल्या रांगेत बसलेल्याचा गळा तयार होत नाही.

‘अहो, पण मी स्टॅट्स बघतो!’ बघा की. गंमत अशी की कौशल्य जितकं टोकाला जातं तितका हा अभ्यास निरुपयोगी होतो. ज्या दहाबारा जणांनी ९० पैकी ९० बाण दहात मारले, त्यांच्या आकड्यांत तुम्ही फरक कसला शोधणार? तिथून पुढे शूट-ऑफ. तीन बाण, पुन्हा तीन बाण, एक नऊ पडला की घरी. ८९९ वाल्यांनाही त्यांच्यातला एक निवडून शूट-ऑफमध्ये एक जागा दिली जाते. त्या भाग्यवंताला तिथे ‘लकी डॉग’ म्हणतात. नशिबाला दार नाही म्हणणाऱ्यांनी ही खिडकी पाहून घ्यावी. त्या क्षणी कुणाचं बोट अर्धा क्षण आधी सुटेल, कुणाला अचानक ‘टार्गेट पॅनिक’ गाठेल, म्हणजे सुई लक्ष्यावर असूनही बाण सुटणारच नाही किंवा नको तेव्हा सुटेल, हे त्या तिरंदाजाला माहीत नसतं. त्याच्या प्रशिक्षकाला माहीत नसतं. आमच्या लिफ्टमध्ये माहीत असतं. दोन दशांश स्थळांपर्यंत.

हा अभ्यास आपल्याला नवा नाही. मुंबईचा मटका सुरू झाला तोच मुळी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर. गिरणगावातल्या ज्या माणसाने न्यूयॉर्क कधी पाहिलं नाही, तो तिथल्या कापसाचा ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ काय येईल याचे तर्क लढवायचा. पुढे ते भाव येणं बंद झालं. मग आकडे माठातून चिठ्ठ्या काढून ठरू लागले, नंतर पत्त्यांतून. तुम्हाला वाटेल की अभ्यासही तिथेच थांबला असेल. छे! चार्ट छापून येत राहिले, जुने आकडे वहीत उतरवले जात राहिले, लाल शाईने गोल होत राहिले. माठातल्या चिठ्ठ्यांचाही अभ्यास करणारा हा महाराष्ट्र आहे. तेव्हाही कुणी जुगार खेळत नव्हतं. सगळे ‘लाइन’ ओळखत होते.

या सबबीला न्यायालयाचा शिक्काही मिळालेला आहे, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच सांगतो. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत भेद केला. १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती. घोडा धावतो, जॉकी त्याला धाववतो आणि कौशल्य स्टँडमधल्या चष्मेवाल्याच्या खात्यातही जमा होतं. कोर्टाचा मान राखून एवढंच म्हणतो की घोड्याचं मत कुणी विचारलेलं दिसत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणली तेव्हा कौशल्य की नशीब, हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून, पैसे मिळवण्यासाठी ऑनलाइन खेळलं जात असेल तर बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आमच्या गृहस्थांनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं पाठ केलंय.

त्याच वर्षी आपल्या विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसल्यावरून गदारोळ झाला होता. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांचं कृषी खातं गेलं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. रमी हा खेळ असल्याची याहून अधिकृत पावती कुठलं न्यायालय देणार?

तिरंदाजीवर पैसे लावायचेच तर ते शिलाँगला लावावेत, असं मला कधी कधी वाटतं. तिथे ‘तीर’ चालतो, आणि तो मेघालयात १९८२ च्या कायद्याने अधिकृत आहे. खासी तिरंदाज गवताच्या भाऱ्यावर शेकडो बाण सोडतात. किती लागले ते मोजतात. त्या संख्येचे शेवटचे दोन अंक, तो त्या फेरीचा आकडा. लावणारा शंभरातला एक आकडा निवडतो आणि पहिल्या फेरीत तो लागला तर रुपयाला साधारण ८० मिळतात. शंभरात एक संधी आणि ८० चा भाव, म्हणजे वरचे वीस कुठे जातात ते चौथीतलं पोर सांगेल, दशांशाशिवाय. आणि तो आकडा कसा निवडतात? स्वप्नावरून. रात्री साप दिसला की एक आकडा, लग्न दिसलं की दुसरा. मला हा माणूस आमच्या लिफ्टवाल्यांपेक्षा कितीतरी सरळ वाटतो. स्वप्न पडलं म्हणून लावले, असं तो तोंडावर सांगतो. तिरंदाजाची मेहनत तो आपल्या नावावर मांडत नाही.

दुसऱ्याचं कौशल्य आपल्या पणात लावण्याचा सगळ्यात मोठा दाखला तर आपल्या घरातलाच आहे. लहानपणापासून आपल्याला पोपटाचा डोळा शिकवला जातो. त्या डोळ्याचा वेध घेणारा अर्जुन पुढे सभापर्वात पणाला लावला गेला, हे कुणी शिकवत नाही. नकुल, सहदेव, मग अर्जुन. जगातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर, आणि त्याच्या धनुष्याचा त्या डावाशी काडीचाही संबंध नाही. धर्मराजाला द्यूत आवडतं पण येत नाही, हे शकुनीने आधीच हेरून ठेवलं होतं. त्या दरबारात कौशल्य नव्हतं असं नाही. होतं. पण ते फासे हातात असलेल्याकडे होतं. ॲपच्या मालकाकडे आजही तेच असतं.

आता जरा गंभीर मुद्दा, कारण नुसती चेष्टा करून भागणार नाही. व्हेगासच्या त्या हॉलमध्ये हजारो तिरंदाज असतात. प्रत्येकामागे पंच उभा करता येत नाही. बाण मारून झाले की तिरंदाज लक्ष्यापाशी जातात आणि एकमेकांचे गुण वाचतात, एकमेकांचे गुण लिहितात. बाण रेषेला शिवला की नाही यावर मतभेद झाले तरच पंच भिंग घेऊन येतो. इनडोअरमध्ये म्हणून तर जाड बाण वापरतात. जागतिक संघटनेच्या नियमाने ९.३ मिलिमीटरपर्यंत. रेषेला नुसता शिवला तरी वरचे गुण मिळतात. (हा दशांश मला मान्य आहे. तो बाणाचा आहे.) म्हणजे एवढा मोठा खेळ शेवटी ‘तुझा नऊ आहे’ आणि ‘हो, नऊच आहे’ या दोन वाक्यांवर उभा आहे. शेजारच्या लेनमधला प्रतिस्पर्धी आपले गुण खरे सांगेल, या भरवशावर.

या भरवशात प्रत्येक बाणावरचा भाव आणून सोडा आणि काय होतं ते पाहा. निकाल फिरवायचीही गरज नाही. एक नऊ पुरतो. बेसबॉलमध्ये २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या दोन पिचरवर, ठरावीक चेंडू मुद्दाम बाहेर टाकून जुगाऱ्यांना पैसे मिळवून दिल्याचे आरोप ठेवले गेले. सामना हरायला नको, एक चेंडू पुरे. २०१३ च्या आयपीएलमधला, सट्टेबाजांना खूण म्हणून लावल्याचा आरोप झालेला तो टॉवेल आपणही विसरलो नसू. तिरंदाजीत तर टॉवेलही लागणार नाही. एक बाण नऊवर गेला तर तो पॅनिक होता की पाकीट, हे भिंगातून दिसत नाही. आणि प्रामाणिकपणे थरथरलेल्या हाताकडेही उद्या संशयाने पाहिलं जाईल. माझा खरा आक्षेप इथे आहे. पैसे तुमचे बुडतात, ते बुडोत. विश्वास दुसऱ्यांचा बुडतो, आणि त्यांनी तो तुमच्या तक्त्यात लावलेला नव्हता.

बाकीच्या सबबी आहेतच. माझे पैसे आहेत, तिकडे कायदेशीर आहे, खेळाला पैसा मिळतो. पहिली खरी आहे, दुसरी तिकडची आहे आणि तिसरीवर जे विश्वास ठेवतात त्यांच्याशी मी चहाच्या वेळेला वाद घालत नाही.

हे थांबेल असा माझा भ्रम नाही. कापसावर लावणाऱ्यांचे नातू बाणांवर लावणार. त्यांचे नातू कशावर लावतील देव जाणे. पण यापुढे हे भाव केवळ व्हेगासच्या परक्या नावांपुढे असणार नाहीत. २०२३ मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० करून एका गुणाने जगज्जेता झाला, साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. तिथे आपल्याकडच्या एखाद्या मुलीचा एक बाण नऊवर गेला, तर तिला रात्रभर मेसेजमधून शिव्या घालणारे ‘अभ्यासक’ तुमच्याआमच्याच ग्रुपांत असतील. टेनिसपटूंना हा अनुभव केव्हाचा येतोय.

तेव्हा ज्यांना आपल्या कौशल्याची एवढी खात्री आहे, त्यांनी एखाद्या रविवारी जवळच्या तिरंदाजी केंद्रात जावं. फोन बाहेर ठेवावा. अठरा मीटरवर उभं राहून तीन बाण मारावेत आणि लक्ष्यापाशी जाऊन आपले गुण आपल्या तोंडाने, खरे, सांगावेत. तेवढं जमलं तर पुढच्या वेळी लिफ्टमध्ये मी त्यांचं ऐकून घेईन.