नाव ठेवणाऱ्याचे मन

काळेवाडीत नढेनगर, तापकीरनगर अशी नावे पाट्यांवर दिसतात. शेते गेली, इमारती आल्या, पण ज्या घराण्यांनी इथे शेती केली त्यांची आडनावे पत्त्यांत उरली. याच इमारतींत जिन्याखाली वीजमीटरांची रांग असते आणि मीटरवर रंगाने आडनावे लिहिलेली असतात. कुणी डोंगरे, कुणी पाटील, कुणी मराठवाड्यातल्या एखाद्या गावाचा ‘कर’. कामधंद्यासाठी गाव सुटले तरी आडनावातून ते सोबत येते.

चाकणच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांना ब्रिजस्टोन हे टायरवरचे नाव ओळखीचे आहे. ते मुळात एक जपानी आडनावच आहे. संस्थापक शोजिरो इशिबाशी यांच्या आडनावात दगड आणि पूल हे दोन शब्द आहेत. १९३१ मध्ये कंपनी काढताना त्यांनी या शब्दांचे इंग्रजी केले आणि क्रम उलटा लावला. होंडा हे आडनाव भातखाचराचे. तानाका म्हणजे शेताच्या मधला, यामामोतो डोंगरपायथ्याचा, इनोउए विहिरीच्या वरच्या अंगाचा. ही सगळी माणसे आपल्या शिवारातली वाटतात.

मात्र यातली बरीच आडनावे कागदावर आली ती सरकारी हुकुमाने. जपानच्या सामान्य रयतेला आडनाव उघडपणे लावायची मुभा १८७० मध्ये मिळाली आणि १८७५ मध्ये ते सक्तीचेच झाले. कर गोळा करायचा, सैन्यात भरती करायची, तर प्रत्येक माणूस नोंदवहीत सापडायला हवा होता. त्यामुळे जपानी नावांच्या गोड अर्थांची यादी वाचताना मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की हे नाव ठेवले कोणी आणि कशासाठी?

हा प्रश्न जन्मनावांना तर फारच लागू आहे. आधीची मुले दगावली की आपल्याकडे पुढच्याला दगडू, धोंडू, केरू म्हणत, म्हणजे नजर लागू नये. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याला १५८९ मध्ये मुलगा झाला, तेव्हा त्याचे बाळपणीचे नाव ‘सुते’, म्हणजे टाकून दिलेला, असे ठेवले. ते मूल दोन वर्षांचे असतानाच गेले. १५९३ मध्ये दुसरा मुलगा झाला, त्याला ‘हिरोई’ म्हटले, उचलून आणलेला. अर्थ कठोर, पण त्यामागे जीव तुटणारी माया होती.

मुलींच्या वाट्याला आलेली कठोर नावे मात्र मायेची नव्हती. जुन्या जपानमध्ये ‘तोमे’ हे नाव असे. त्याचा अर्थ थांबव, आता मूल पुरे. आपल्याकडची नकुशी तीच. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये प्रशासनाने समारंभ करून पावणेतीनशेहून अधिक नकुशांना नवी नावे दिली. त्या मुलींनी आपली नावे स्वतः निवडली, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. आपण नको होतो हे त्या शाळेत रोज हजेरीच्या वेळी ऐकत आल्या होत्या.

लग्नानंतर तर बाईचे नाव दोन्हीकडे उपरेच. जपानी कायद्याने नवराबायकोचे आडनाव एकच असावे लागते. कोणाचे घ्यायचे ते जोडप्याने ठरवायचे, पण शंभरातल्या ९५ च्या आसपास बायकाच आपले सोडतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हा कायदा उचलून धरला. आपल्याकडे अशी सक्ती नाही, तरीही सासरी आलेल्या मुलीचे मधले नाव आणि आडनाव बदलते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मला ते वावगे वाटते.

थोडा बदल मुलांच्या नावात झाला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव लावायचे आहे. तुमच्या घरात या तारखेनंतर बाळ आले असेल, तर जन्मदाखल्यावर आणि पुढे शाळेच्या नोंदीत आईचे नाव लागले आहे की नाही, ते स्वतः पाहून घ्या.