नाबोथाला कोणी मारले?

सामान्य काळातील अकराव्या आठवड्यात, सम वर्षी, सोमवारच्या मिस्सामध्ये पहिले वाचन म्हणून नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट वाचली जाते (१ राजे २१). वाचन ज्या ओळीवर थांबते तिथे नाबोथ मेलेला असतो आणि राजा अहाब त्याचा मळा ताब्यात घ्यायला निघालेला असतो. संदेष्टा एलिया येतो तो मंगळवारच्या वाचनात. म्हणजे जो भाविक फक्त सोमवारी मिस्साला येतो, तो अन्यायाचा विजय ऐकूनच घरी जातो. हे एका अर्थाने बरेच आहे. कारण एलिया येण्यापूर्वीच एक प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा : नाबोथाला नक्की कोणी मारले?

प्रश्न सोपा वाटतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण चटकन उत्तर देत होतो : राणी ईजबेलने. परंतु पवित्र शास्त्रातील ही गोष्ट सावकाश वाचली, तर हे उत्तर पुरेसे वाटत नाही.

वाडवडिलांचे वतन

काळ ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला. इस्राएलच्या उत्तर राज्याची राजधानी शोमरोन. इज्रेल येथेही राजाचा वाडा होता. त्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. इज्रेलच्या टेकडीच्या पायथ्याशी उत्खननात खडकात कोरलेले द्राक्षकुंड सापडले आहे. त्याने नाबोथाची गोष्ट सिद्ध होते असे नव्हे. पण त्या मातीत द्राक्षे पिकत होती व तुडवली जात होती एवढे मात्र कळते.

अहाबाला ती जागा भाजीच्या वाडीसाठी हवी होती. त्याची मागणी वरवर पाहता वाजवी होती. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. त्याचा पिता अम्री याने शोमरोनची टेकडी शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार चांदी देऊन विकत घेतली होती. जमीन पैसे देऊन मिळते, हे अहाब घरातच पाहत आला होता.

नाबोथाने नकार दिला, तो भाव वाढवण्यासाठी नव्हे. हे आपल्या पूर्वजांचे वतन आहे, ते देणे परमेश्वरासमोर योग्य नव्हे, एवढेच त्याचे म्हणणे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीचा खरा मालक परमेश्वर आहे, माणसे तिच्यावर पाहुण्यासारखी राहतात, अशी शिकवण आहे. म्हणून जमीन कायमची विकायची नाही. गरजेपोटी विकलीच तर पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी ती मूळ घराण्याकडे परत यायची. वाडवडिलांच्या जमिनीशी ज्यांची नाळ अजून तुटलेली नाही, त्यांना नाबोथाचे मन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पाच हात

आता एकेकाकडे पाहू या.

पहिला अहाब. त्याने नाबोथाला मारण्याचा हुकूम दिला नाही. तो रुसून अंथरुणावर पडला, भिंतीकडे तोंड फिरवले, जेवला नाही. राणीने कारण विचारले तेव्हा त्याने अर्धेच सत्य सांगितले. नाबोथ मळा द्यायला तयार नाही, हे सांगितले. पण का तयार नाही, ते गाळले. पूर्वजांचे वतन, परमेश्वराचे भय यातला एक शब्दही राणीच्या कानावर गेला नाही. तिने मळा मिळवून देण्याचे वचन दिले तेव्हा 'कसा मिळवणार?' असे त्याने विचारले नाही. त्याच्या नावाने पत्रे लिहिली गेली, त्यांवर त्याची मोहोर उमटली, तेव्हा त्याने मोहोर कुठे गेली याची चौकशी केली नाही. नाबोथ मेला हे कळल्यावर 'कशाने मेला?' असेही विचारले नाही. तो उठला आणि मळ्याकडे गेला. अहाबाचे पाप मुख्यत्वे न विचारलेल्या प्रश्नांचे आहे.

दुसरी ईजबेल. ती सीदोनच्या राजाची मुलगी. राजाने रयतेकडे मागावे आणि रयतेने नाही म्हणावे, हे तिला समजतच नव्हते. कट तिचा, पत्रे तिची. तिच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही; उघड दुष्टपणा ओळखायला आपल्याला फारसा वेळ लागत नाही.

तिसरे नगराचे वडील व प्रतिष्ठित लोक. माझ्या मते ही गोष्ट त्यांचीच आहे. पत्रात काय होते? उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा, दोन नीच माणसे समोर बसवून त्यांना खोटी साक्ष द्यायला लावा आणि मग त्याला धोंडमार करा. साक्षीदार कसले आहेत, हे पत्रातच लिहिलेले होते. म्हणजे आपली फसवणूक झाली असे म्हणण्याची सोय वडीलधाऱ्यांना नव्हती. आणखी एक बारकावा पाहा. पत्रांवर मोहोर राजाची होती, परंतु काम झाल्यावर त्यांनी निरोप पाठवला तो राणीला. पत्र कोणाचे आहे, कशासाठी आहे, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. ही माणसे परकी नव्हती. ती नाबोथाच्याच नगरात राहणारी होती. त्याच्या बापाला त्यांनी मळ्यात राबताना पाहिले असेल.

चौथे ते दोन साक्षीदार. एका साक्षीवर कोणाला देहदंड होऊ नये, निदान दोन साक्षीदार हवेत, हा अनुवाद ग्रंथातील नियम निरपराध्याच्या रक्षणासाठी होता. त्याच नियमाचा इथे फास झाला. साक्षी बरोबर दोन होत्या, नियम तंतोतंत पाळला गेला आणि खून झाला.

पाचवा जमाव. त्यांनी धोंडे उचलले. उपास जाहीर झालेला होता, म्हणजे काहीतरी पवित्र कार्य चालले आहे असेच त्यांना वाटत असावे. देवाची निंदा करणाऱ्याला आपण शिक्षा देतो आहोत, या समाधानात ते घरी गेले असतील. धर्माचे आवरण घातले की अन्याय किती सहज पचतो, हे आपण श्रद्धावंतांनी विशेष लक्षात ठेवायला हवे.

दोष वाटला जातो का?

पाच हातांनी मिळून एक पाप केले. मग प्रत्येकाच्या वाट्याला पाचवा हिस्सा आला का?

आपण मनातल्या मनात असाच हिशेब करतो. राजा म्हणेल, मी पत्र लिहिले नाही. राणी म्हणेल, मी धोंडा मारला नाही. वडील म्हणतील, आम्ही वरच्यांचा हुकूम पाळला. साक्षीदार म्हणतील, निर्णय आमचा नव्हता. जमाव म्हणेल, आम्हाला काय ठाऊक? सगळ्यांचे ऐकून घेतले, तर शेवटी नाबोथाला कोणीच मारले नाही असे ठरते! परंतु नगराबाहेर त्याचे प्रेत पडलेले आहे. दोष म्हणजे भावाभावांत वाटून घ्यायची जमीन नव्हे. वाटेकरी वाढले म्हणून एकेकाचा वाटा घटत नाही.

याचा अर्थ सर्वांचा दोष सारखा, असाही नव्हे. 'आपण सगळेच दोषी' असे म्हणणे पुष्कळदा नम्रतेचे वाटते, पण त्यात खरा गुन्हेगार लपून जातो. पवित्र शास्त्र तसे करीत नाही. परमेश्वर एलियाला पाठवतो तो थेट अहाबाकडे, ज्याने आपल्या हाताने सर्वांत कमी केले त्याच्याकडे. आणि एलिया त्याच्यावर दोन आरोप एकदमच ठेवतो : हत्येचा आणि ताबा घेण्याचा. ज्याच्या फायद्यासाठी पाप झाले आणि ज्याच्या एका शब्दाने ते थांबले असते, त्याला परमेश्वराने प्रथम जाब विचारला.

ख्रिस्तसभेची शिकवण हेच सांगते. १९९२ साली प्रकाशित झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात (क्र. १८६८) दुसऱ्याच्या पापात आपण कसे भागीदार होतो ते दिले आहे : त्यात स्वेच्छेने भाग घेऊन; ते करण्याचा हुकूम किंवा सल्ला देऊन, त्याची स्तुती किंवा त्याला संमती देऊन; कर्तव्य असताना ते उघड न करून किंवा न अडवून; आणि वाईट करणाऱ्याला पाठीशी घालून. इज्रेलमध्ये यातला प्रत्येक प्रकार घडला. म्हणूनच मिस्साच्या आरंभी आपण केवळ केलेल्या पापांची नव्हे, तर न केलेल्या सत्कर्मांचीही कबुली देतो.

भीती होती, हे खरे

इथे कोणी विचारील : त्या वडीलधाऱ्यांनी करायचे तरी काय? ईजबेलने परमेश्वराच्या संदेष्ट्यांची कत्तल केली होती. नकार दिला असता तर नाबोथाच्या शेजारी त्यांचीही प्रेते पडली असती. त्यांनाही मुलेबाळे होती.

हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. भीतीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हे ख्रिस्तसभाही मानते. सुरक्षित ठिकाणी बसून दुसऱ्याच्या भित्रेपणावर बोट ठेवणे सोपे असते. परंतु शूर हुतात्मा होणे किंवा निमूट खुनी होणे, असे दोनच मार्ग खरोखर होते का? पवित्र शास्त्रात याची वेगळी उत्तरे आहेत.

अहाबाच्याच वाड्यात ओबद्या नावाचा कारभारी होता. त्याने बंड केले नाही, नोकरी सोडली नाही. पण राणी संदेष्ट्यांना मारत होती तेव्हा त्याने शंभर जणांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि अन्नपाणी पुरवले (१ राजे १८). त्याला भीती वाटत नव्हती असे नाही. एलिया भेटला तेव्हाही तो जिवाच्या भीतीने बोलत होता. मिसर देशात शिप्रा व पुवा या सुइणींनी फारोचा हुकूम ऐकून घेतला आणि पाळला नाही. शौल राजाने याजकांना ठार करण्याची आज्ञा दिली तेव्हा त्याच्या शिपायांनी हात उचलला नाही. पुढे ते काम दुसऱ्याने केले आणि पंच्याऐंशी याजक मारले गेले, हे खरे. पण त्या शिपायांच्या हाताला ते रक्त लागले नाही.

दानिएल ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील सुसान्नाची कथा तर नाबोथाच्या कथेजवळ ठेवून वाचावी. तिथेही दोन खोटे साक्षीदार आहेत, तेही वडीलधारे. देहदंड ठरलेला आहे. तेवढ्यात तरुण दानिएल ओरडून सांगतो की या रक्ताचा दोष मी घेणार नाही. मग तो दोघांना वेगळे करून एकच प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली पाहिलेत? दोघे दोन झाडे सांगतात आणि सुसान्ना वाचते. नाबोथासाठी असा एक प्रश्न कोणी विचारला नाही. एखाद्याने रात्री जाऊन नाबोथाला 'उद्या येऊ नकोस' एवढे सांगितले असते तरी कदाचित वेगळे घडले असते.

या रक्ताबाबत मी निर्दोष आहे, असे पुढे पिलातानेही म्हटले. पण दानिएलाने ते म्हणून शिक्षा थांबवली. पिलाताने ते म्हणून हात धुतले आणि प्रभू येशूला क्रुसावर खिळण्यासाठी सोपवून दिले. आपण हात झटकले म्हणून अन्याय थांबत नाही.

आपल्या सह्या

राजाचे पत्र आपल्याला येत नाही. पण सही मागणारे कागद येतात. न वाचलेल्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, बहिणीला नीट न समजावता तिच्याकडून घेतलेले हक्कसोडपत्र, सभेत सगळ्यांनी हात वर केला म्हणून आपणही वर केलेला हात, कोणाच्या तरी चारित्र्याबद्दल ऐकलेली आणि पुढे सांगितलेली गोष्ट. प्रत्येक वेळी आपला वाटा लहानच असतो. इज्रेलमध्येही प्रत्येकाला आपला वाटा लहानच वाटला असेल.

पापनिवेदनाला जाताना आपण काय केले ते आठवतो. कधीकधी हेही आठवावे : कोणत्या वेळी आपण प्रश्न विचारला नाही, आणि त्या न विचारण्यातून आपला कोणता फायदा झाला?

पश्चात्ताप आणि परतफेड

एलियाचे शब्द ऐकून अहाबाने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसले, उपास केला. हा उपास मात्र खरा होता. परमेश्वराने त्याची दखल घेतली आणि त्याच्या घराण्यावरील संकट त्याच्या हयातीत आणले नाही. इतक्या मोठ्या पाप्याच्या अश्रूंकडेही परमेश्वर पाठ फिरवत नाही, हा आपल्या सर्वांना दिलासा आहे.

परंतु अहाबाने मळा परत केला, असे कुठेही लिहिलेले नाही. जक्कयाने प्रभू येशूसमोर उभे राहून, ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. तसे अहाबाच्या हातून घडले नाही. पुढे दुसऱ्या राजे ग्रंथाच्या नवव्या अध्यायात कळते की नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचेही रक्त सांडले होते. मळा घ्यायला वारसच उरू नये अशी व्यवस्था झाली होती. तरीही त्याच अध्यायात अहाबाच्या मुलाचे प्रेत जिथे टाकले जाते, ते शेत नाबोथाचे शेत म्हणूनच ओळखले जाते. राजाने ताबा घेतला, पण पवित्र शास्त्राने नाव बदलले नाही.

त्या वडीलधाऱ्यांपैकी एकाचेही नाव मात्र लिहून ठेवलेले नाही. त्या जागी कोणाचेही नाव बसू शकते. ते आपले नसावे, यासाठी परमेश्वराने आपल्याला वेळेवर प्रश्न विचारण्याचे धैर्य द्यावे, आणि जे आपल्याकडे चुकीच्या वाटेने आले आहे ते परत करण्याची बुद्धीही द्यावी.