गाठ, कारण आणि कर्म

मूल होत नसलेल्या स्त्रीच्या सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली, की तीच वंध्यत्वाचे कारण ठरते. निष्कर्ष वैद्यकाचा वाटतो, पण मुळाशी प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे: एखादी गोष्ट कारण आहे, असे केव्हा म्हणावे?

न्यायदर्शनाने याचा अतिशय काटेकोर विचार केला आहे. कार्याच्या आधी हजर असणे पुरेसे नाही; ती हजेरी नियमाने असावी लागते, आणि ती गोष्ट ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे कार्याच्या उपपत्तीत अनावश्यक, असता कामा नये. विश्वनाथ न्यायपंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’त यासाठी कुंभाराच्या गाढवाचे उदाहरण येते. माती त्याने वाहून आणली असली, तरी ते घटाचे कारण नव्हे.

फायब्रॉइडही पुष्कळदा नुसता हजर असतो. गर्भाशयाच्या स्नायूतील एका पेशीपासून ही कर्करोगाची नसलेली गाठ वाढते आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर पोसते. प्रजननक्षम वयात वर्षे सरतात तशी ती अधिक आढळते. त्याच वर्षांत बीजांडेही घटत असतात. त्यामुळे पस्तिशीनंतर दोन्ही गोष्टी एकाच स्त्रीत सापडल्या, तर नवल नाही. शिवाय बाळंतपण झालेल्या स्त्रियांमध्ये फायब्रॉइड कमी दिसतात. मग गाठीमुळे मूल नाही, की मूल न झाल्याने गाठीला वाव मिळाला? आणि गाठ असूनही कितीतरी स्त्रियांना सहज दिवस जातात. नैयायिक यालाच व्यभिचार म्हणतात: नियम मोडला, की कारणपणाचा दावा ढासळतो.

म्हणून सगळ्याच गाठी निर्दोष मानणेही चूक. निर्णय जागेवर ठरतो. 2011 मध्ये मांडलेल्या ‘फिगो’च्या (आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाच्या) वर्गीकरणात 0 ते 8 असे प्रकार आहेत. त्यांपैकी 0, 1 आणि 2 या गाठी आतल्या अस्तराखाली वाढून पोकळीत डोकावतात. त्यांच्यामुळे गर्भ रुजण्याचे प्रमाण घटते, आणि त्या दुर्बिणीतून काढल्यास गर्भधारणेची शक्यता सुधारते, असे आजवरचे पुरावे सुचवतात. बाहेरच्या बाजूला वाढणाऱ्या गाठींचा तसा परिणाम दिसत नाही. भिंतीतल्या, पोकळीला धक्का न लावणाऱ्या गाठींबद्दल मतभेद आहेत. त्यांचा थोडा परिणाम होत असेलही, पण त्या काढल्याने लाभ होतोच, हे सिद्ध झालेले नाही. अशा गाठीवर घाईने शस्त्रक्रिया करणे म्हणजे संशयितालाच शिक्षा देणे होय.

पोकळीतली गाठ खरोखर बाधक असली, तरी ती एकटी सगळे ठरवत नाही. कार्य घडते ते संपूर्ण कारणसामग्रीने, आणि नव्य नैयायिक अडथळ्याच्या अभावालाही त्या सामग्रीत धरतात. सुश्रुतसंहितेने गर्भासाठी ऋतू (योग्य काळ), क्षेत्र (गर्भाशय), अंबू (पोषक रस) आणि बीज हे चारही घटक लागतात, असे सांगितले. क्षयरोगाने गर्भनलिका बंद झाल्या असतील, पीसीओएसमुळे बीज सुटत नसेल किंवा पतीच्या वीर्यात शुक्राणू नसतील, तर गाठ काढूनही सामग्री अपुरीच राहते. पतीची वीर्यतपासणी साधी, स्वस्त आणि बिनटाक्याची आहे. ती न करता पत्नीच्या पोटावर सुरी चालवणे हा तर्काचाही दोष आहे आणि न्यायाचाही.

घरातला प्रश्न मात्र वेगळा असतो: हिच्याच वाट्याला हे का? कर्मविपाकाचे ग्रंथ अपत्यहीनतेचा संबंध पूर्वजन्मीच्या पापाशी जोडतात. त्र्यंबकेश्वरी संततीसाठी नारायण-नागबळी हा विधी केला जातो. श्रद्धेचा तो आधार अनेकांना मोलाचा वाटतो. पण कर्मसिद्धांत खरा मानला, तरी दोष एकट्या स्त्रीवर येत नाही. न्यायमतात अदृष्ट, म्हणजे कर्मांचा न दिसणारा संचय, हे सर्वच कार्यांचे साधारण कारण आहे, आणि अपत्य दोघांचे असल्याने दोघांचेही अदृष्ट त्यात येते. शिवाय ते नावाप्रमाणे अदृष्ट असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर कोणाचे पाप वाचता येत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर दुर्बल दैवावर बलवान पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, मात करतो, असे मांडले आहे. त्या मतानुसार उपचार घेणारे जोडपे कर्माच्या नियमाबाहेर जात नाही.