सतरा जणांची साक्ष

नॉटिंगहॅमजवळच्या एका खेड्यात एक आजी राहत असे. तिच्या परसात फीवरफ्यू वाढलेलं होतं: शेवंतीच्या कुळातलं, पिवळ्या बोंडाभोवती पांढऱ्या पाकळ्यांचं. अर्धशिशी उठू नये म्हणून ती रोज सकाळी त्याची दोन पानं लोणी लावलेल्या पावात घालून खाई. पान कडूजहर. नुसतं चावणाऱ्या काहींचं तर तोंड येतं.

लंडनला औषधाच्या दुकानात काम करणारा नातू हसायचा, "पाल्याने कुठे अर्धशिशी थांबते?"

१९८५ साली लंडनमध्ये हा पाला रोज खाणारे १७ रुग्ण निवडले गेले. आठ जणांना पानांच्या पुडीच्या कॅप्सूल दिल्या, नऊ जणांना तशाच दिसणाऱ्या, पण बिनऔषधाच्या. त्या नऊ जणांची डोकेदुखी वाढली. नातू धावत गावी आला. "आजी, सिद्ध झालं!"

"सतराही जण आधीपासूनच खाणारे ना?" आजीने विचारलं. "ज्यांना गुण आला नाही, त्यांनी पान केव्हाच सोडलं असेल. त्यांची साक्ष कोणी काढली? आणि रोजचं पान एकदम तुटलं म्हणूनही डोकं उठलं असेल."

नातू गप्प बसला.

१९८८ साली नॉटिंगहॅमलाच ७२ जणांना आळीपाळीने दोन्ही कॅप्सूल दिल्या गेल्या. पानाच्या महिन्यांत झटके कमी आले.

"कमी झाले, थांबले नाहीत," आजी म्हणाली. "गिऱ्हाइकाला तसंच सांग."

नातवाची सगळी भिस्त पानातल्या पार्थेनोलाइड या द्रव्यावर होती. १९९६ साली नेदरलंड्समध्ये ५० जणांना पानांचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क देऊन पाहिला, पार्थेनोलाइडचं प्रमाण ठरवून. फरक पडला नाही. (पार्थेनोलाइड चेतातंतूंच्या टोकांना आधी किंचित डिवचतं, मग सुस्त करतं, असं २०१३मध्ये फ्लॉरेन्सच्या संशोधकांना उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. डोकं उठल्यावर पान शोधण्यापेक्षा ते रोज खाण्याची जुनी रीत त्याच्याशी जुळते.)

एकदा शेजारची सून कपाळ दाबत आली. नातू पानं खुडायला वाकला. "झाडपाला तर आहे, अपाय कसला!"

"कितवा महिना गं?" आजीने तिला विचारलं.

"चौथा."

"ठेव ती पानं खाली," आजी नातवाला म्हणाली. "अडलेली पाळी यावी म्हणूनही बायका हेच खात आल्यात. डॉक्टरांना फोन लाव, आणि तिला पाणी दे."