न पटलेली पत्रे

एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे ब्राह्मण पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी झाले. वस्ती इथे आणि पाठीराखे समुद्रापार, म्हणजे पत्रव्यवहार आलाच. पण मिशनच्या पत्राला हिशेब द्यावा लागतो: बाप्तिस्मे किती, शाळा कशी चालली, पैसा कुठे गेला. देणगीदारापुढे आपल्या श्रद्धेची डळमळ कोण मांडणार? ती ऐकायला मित्र लागतो.

त्याच पिढीतले काशीचे नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि फादर नेहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. शंकांनी त्यांचा पिच्छा जन्मभर सोडला नाही. कदाचित म्हणूनच पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना त्यांच्या शंकांना गोऱ्यांनी पत्रातून दिलेले उत्तर रमाबाईंना भिडले असावे. ज्याची स्वतःची रात्र वैऱ्याची गेली आहे, तो दुसऱ्याच्या जागरणाला नावे ठेवत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

खरी कसोटी त्यानंतर लागली. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार, प्रत्येक बाबतीत रमाबाई प्रश्न करत राहिल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला आणि पत्रांतून त्यांनी तसे खडसावलेही. रमाबाई बधल्या नाहीत. एका धर्मगुरूंचे जोखड टाकून दुसऱ्यांचे घ्यायला त्या तयार नव्हत्या.

तरी हा पत्रव्यवहार राहिला तो जेराल्डीन यांच्यामुळेच. त्यांनी जपून, लावून ठेवलेला हा संग्रह ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला निरुत्तर करणारी पत्रे फाडून टाकणे सोपे होते. आज त्यांतला रमाबाईंचा युक्तिवाद वाचकाला अधिक पटतो, जेराल्डीन यांचा सूर खटकतो. आणि तो खटकण्याची सोय त्यांनीच करून ठेवली. आपली बाजू खरी आहे यावर त्यांचा विश्वास होता, पण रमाबाईंची बाजू पुसून तो टिकवावा असे त्यांना वाटले नाही. श्रद्धावंताच्या मैत्रीकडून मी एवढीच अपेक्षा धरेन.