वैशाखातील विक्री आणि पौषातील पहाट

खोटे बोलू नये, हे प्रत्येक गृहस्थ जाणतो. परंतु ज्यातील एकही शब्द खोटा नाही असे बोलणे असत्य असू शकते काय, हा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. तो न्यायालयापेक्षा बाजारात अधिक वेळा उभा राहतो, आणि तेथे त्याचे उत्तर विचार करण्यापूर्वीच दिले जाते.

माळव्यातील एका शेतकरी गृहस्थाची कल्पना करावी. त्याच्याजवळ तीन सिलिंडरांचा एक जुना डिझेल ट्रॅक्टर आहे. त्याचा हीटर प्लग दोन हिवाळ्यांपूर्वी जळाला. नवा बसविण्याऐवजी तो रात्री ट्रॅक्टर उतारावर उभा करून ठेवतो आणि पहाटे तो गडगडवून चालू करतो. वैशाखात तो ट्रॅक्टर विकावयास निघतो. शेजारच्या गावचा मनुष्य पाहावयास येतो. सेल्फ मारताच इंजिन सुरू होते. "सुरू व्हायला त्रास तर देत नाही ना?" असे पाहुणा विचारतो. "आपण समोर पाहिलेच की," असे उत्तर मिळते. व्यवहार ठरतो.

या उत्तरात खोटे काय आहे? हे समजण्यासाठी यंत्राची रीत थोडी पाहिली पाहिजे. १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन जर्मनीत आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले; त्या जातीच्या इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा सोळाव्या-सतराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते, त्या दाबानेच ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल पेटते. थंडीत मात्र हवाही गार आणि सिलिंडरचे लोखंडही गार. दाबून उत्पन्न झालेली उष्णता ते लोखंडच शोषून घेते. म्हणून अशा अनेक जुन्या ट्रॅक्टरांत हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये एक हीटर प्लग असतो. किल्ली पंधरा-वीस सेकंद धरली की त्याची तार लाल होते, उष्णतेने आतील झडप उघडते, डिझेलचे थेंब तारेवर पडून पेटतात आणि त्या लहानशा ज्योतीने तापलेली हवा आत जाते. उन्हाळ्यात याचे काहीच काम नसते. म्हणजे वैशाखात इंजिन सुरू होऊन दाखविणे ही त्या प्लगविषयीची साक्षच नव्हे. पाहुण्याला ते ठाऊक नव्हते. विकणाऱ्याला ठाऊक होते.

"घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत" असे यावर म्हटले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. झिजलेला टायर, गळणारे तेल हे डोळ्यांना दिसते. ते मोजून सांगत बसण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. परंतु येथे दोष झाकला आहे तो ऋतूने, आणि विक्रेत्याने त्या ऋतूलाच साक्षीदार केले. तो केवळ गप्प राहिला असता तर त्याच्या बाजूने थोडे तरी बोलता आले असते. विचारल्यावर दिलेले ते उत्तर म्हणजे मौन नव्हे.

आणि परिणाम केवळ गैरसोयीचा नाही. सोयाबीन काढून उशिरा गहू पेरणाऱ्याला मार्गशीर्षातील एकेक सकाळ मोलाची असते. इंजिन सुरू होत नाही असे पाहून तो सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवील. नाही तर पेटती चिंधी हवेच्या तोंडाशी धरील, किंवा कोणाच्या सांगण्यावरून ईथरचा फवारा मारील. त्या फवाऱ्याने इंजिनाच्या आत भलत्या वेळी स्फोट होऊन पिस्टनच्या रिंगा मोडतात. आणि पुढे कधी नवा हीटर बसवूनही ती सवय राहिली, तर तापलेल्या तारेवर ईथर पडून मॅनिफोल्डमध्येच भडका उडतो.

आश्चर्य असे की ट्रॅक्टरच्या किमतीपुढे प्लगची किंमत नगण्य असते. मग मनुष्य तो दोष का लपवितो? पैशासाठी नव्हे, तर भयासाठी. एक दोष सांगितला की समोरचा आणखी दहा दोषांची शंका घेईल, हे ते भय. लहान असत्ये बहुधा अशीच जन्मतात.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले तरी तो हलला नाही. आणि अखेर धर्म शिकण्यासाठी त्याला वाराणसीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागले. तुलाधाराची थोरवी एवढीच, की त्याची तुला सर्व प्राण्यांना सारखी होती. घेणाऱ्याच्या अज्ञानाचे वजन त्या तुलेत आपल्या बाजूला टाकता येत नाही.

"उन्हाळ्यात हीटर तपासावा तरी कसा?" ही सबबही टिकत नाही. प्लगची वायर काढून दिव्याने पाहावे, किल्ली फिरविल्यावर तेथपर्यंत वीज येते की नाही. कारण पुष्कळदा दोष वायरीत किंवा स्विचमध्ये असतो आणि मिस्त्री उगाच प्लग बदलतात. नंतर डिझेलची नळी सोडून तिचे तोंड बंद करावे, पान्याने प्लग काढावा, सांडलेले डिझेल पुसून तो तेथून दूर न्यावा आणि वेगळ्या बॅटरीवर जोडावा. तार लाल झाली नाही तर तो गेला. नवा बसविताना आटे हाताने धरवावेत, मग बेताने आवळावेत, कारण मॅनिफोल्डचे आटे गेले की काम वाढते. शेवटी नळी जोडून ती गळत नाही ना, हे पाहावे. अर्ध्या दिवसाचेही काम नाही. त्या प्लगची ऊब विकणाऱ्याला कधीच मिळणार नाही. पहिली थंडी पडेल तेव्हा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या अंगणात असेल. म्हणून ते काम टाळण्यासारखे होते काय?

परंतु ज्याने ट्रॅक्टर विकून टाकला आहे, त्याचे काय? आश्विन संपत आला असेल तर त्याने स्वतः जावे, किंवा निदान फोन करून खरे ते सांगावे, आणि प्लगचा खर्च आपला म्हणावे. समोरचा रागावेल, इंजिनाविषयी, कागदपत्रांविषयी, सगळ्याविषयीच शंका घेईल. ज्या शंकेच्या भयाने वैशाखात तोंड बंद राहिले, तीच आता दाराशी बसून ऐकून घ्यावी लागेल. थंडी पडण्यापूर्वी ऐकलेली ती बरी.