मैदान आणि पाणवठा

1923 सालच्या दोन घटना आपण कधी एकत्र वाचत नाही. 4 ऑगस्टला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा सांभाळलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधार म्हणून विठ्ठल पालवणकर उतरले. जातीने चांभार. त्यांच्या हाताखाली सवर्ण खेळाडू खेळले, हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, आणि प्रेक्षकांनी विठ्ठलरावांना खांद्यावर घेतले.

बोले ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तरीही अस्पृश्यांना तिथे पाणी भरता येईना. मुंबईत चांभाराचा मुलगा हिंदूंचा सेनापती होतो आणि महाडात महाराच्या बाईला घागरभर पाणी मिळत नाही, हे एकाच प्रांतात, एकाच दशकात चालू होते. खेळातल्या गुणाने समाजातला मान मिळतो असे आपण सर्रास म्हणतो. ते किती खरे, हे तपासायला पालवणकर बंधूंची कारकीर्द आणि चवदार तळे शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

चार भावांत थोरले बाळू. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवणवरून आले, पण बाळूंचा जन्म 1876 सालचा, धारवाडचा. वडील लष्कराच्या चाकरीत, त्यामुळे लहानपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, खेळपट्टी झाडण्याची आणि रोलर फिरवण्याची, महिना तीन रुपयांवर. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तिथे रोलर, चुन्याच्या रेघा, जाळी उभारणे ही कामे होतीच, शिवाय साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. जे. जी. ग्रेग हा तिथला नामांकित फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर यायचा आणि एकट्या बाळूंची गोलंदाजी खेळायचा. बाद केलेस की आठ आणे, असा त्याने सौदा केल्याचे सांगतात. वर्षानुवर्षे, ऊन असो की ढगाळ हवा, डाव्या हाताने मंद चेंडू टाकत राहायचे. तोच टप्पा, तीच सहज धाव, पण चेंडू कधी आत येणार कधी बाहेर जाणार, ते फलंदाजाला कळता कामा नये. बाळूंची विद्या अशी घडली. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची, ही वाटणी त्या जाळ्यातसुद्धा पक्की होती.

पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि हरवू शकणारा गोलंदाज अस्पृश्य होता. बरीच भवति न भवति होऊन बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला, त्यांच्या घामाने ओला झालेला चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक झेलत होते, उचलून परत देत होते. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत, बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायचे तर कोपऱ्यात, पाणी आणून ओतणारा माणूसही खालच्या जातीचा.

चेंडू बाटत नव्हता, कारण त्याच्याशिवाय सामना जिंकता येत नव्हता. कप बाटत होता, कारण तो वेगळा ठेवल्याने कुणाचे काही अडत नव्हते. जात कुठे ढिली होते आणि कुठे आवळली जाते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही. शुद्धाशुद्धतेचे सगळे शास्त्र गरजेपुढे वाकते, आणि गरज संपली की पुन्हा ताठ उभे राहते.

हेही नोंदवले पाहिजे की बाळूंच्या गुणाने काही दारे उघडली. प्लेगच्या दिवसांत ते मुंबईला आले, लष्करात आणि मग रेल्वेत नोकरी केली, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळले. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यातच हिंदूंना सुनावले होते की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात कसली हरकत. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, आणि त्या सुमारास बाळू व शिवराम जिमखान्यात इतरांच्या पंगतीला बसू लागले होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळूंनी दौऱ्यात 114 बळी घेतले. तेव्हा ते पस्तिशीत होते. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांचे 179 बळी आहेत, एका बळीमागे सुमारे पंधरा धावा. परतल्यावर मुंबईत दलितांनी त्यांचा सत्कार केला तेव्हा भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टनमध्ये शिकणारे वीस वर्षांचे तरुण होते.

पण ही उघडलेली दारे बाळूंच्या एकट्याच्या अंगमापाची होती. ते आत गेले आणि त्यांच्यामागे दार लागले. जिमखान्यात बाळू जेवत असताना त्यांच्या जातभाईला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, आणि जिमखान्यातल्या कुणालाही त्यात विसंगती वाटत नव्हती. कर्तबगार माणसाला समाज अपवाद म्हणून जवळ करतो. ‘हा वेगळा आहे’ असे म्हटले की उरलेल्यांना दूर ठेवण्याची सोय कायम राहते. 1947 साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमध्ये उतरला तेव्हाही त्याला टाळ्या मिळाल्या, पण संघ उतरलेल्या काही हॉटेलांत खोली मिळाली नाही. त्याच्या मागच्या सामान्य काळ्या माणसाला बसमध्ये कुठे बसता येईल हे ठरायला खेळ पुरला नाही. त्यासाठी वेगळी चळवळ उभी राहावी लागली.

आपल्याकडे ती चळवळ महाडला उभी राहिली. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तिथले कार्यकर्ते तिच्यासाठी राबले होते, आणि नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सवर्णही साथीला होते. दुसऱ्या दिवशी हजारो लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, मग इतरांनी घेतले. त्या रांगेतल्या कुणीही आधी काही सिद्ध करून दाखवलेले नव्हते. कुणी 114 बळी घेतले नव्हते, कुणी इंग्लंड पाहिले नव्हते. त्यांची पात्रता एवढीच की ती माणसे होती आणि तळे सार्वजनिक होते. मला या दिवसाचे मोठेपण इथे दिसते. लायकी न विचारता मिळते ती गोष्टच हक्क म्हणवते.

म्हणून तर प्रतिक्रिया इतकी हिंस्र आली. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, परिषदेच्या लोकांना गाठून मारहाण झाली, आणि मग शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या 108 घागरींनी तळे शुद्ध करून घेतले. मुसलमान आणि ख्रिस्ती या तळ्यावर पाणी भरत, गुरे पीत. त्याने ते कधी बाटले नव्हते. बाळूंच्या मातीच्या भांड्यावर असा दंगा झाला नाही, कारण त्यांनी एका माणसासाठी जागा मिळवली होती, नियम तसाच राहिला होता. महाडात नियमालाच हात घातला गेला.

मात्र बाळू एका बाजूला आणि महाड दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी केली तर पालवणकरांवर अन्याय होईल. हिंदू संघात बाळूंइतका ज्येष्ठ आणि अनुभवी कुणी नव्हता, तरी कर्णधारपद दरवेळी दुसरीकडे गेले. 1913 साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनीच जाहीरपणे सांगितले की हा मान बाळूंचा होता. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. जातीमुळे डावलले जाते हे त्यांनी लपवले नाही. शेवटच्या सामन्यासाठी तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार म्हणून परतले.

पालवणकरांच्या साऱ्या कारकिर्दीत मला हा नकार सर्वांत मोठा वाटतो, त्या 179 बळींपेक्षाही. पंचवीस-तीस वर्षे या घराने आपल्या गुणावर भिस्त ठेवली. तो गुण अपुरा आहे असे कुणी म्हणू शकत नव्हते, तरी न्याय मिळत नव्हता. तेव्हा भावांनी खेळणेच थांबवले. आम्ही चांगले खेळतो म्हणून द्या, ही विनंती संपली आणि आमचे आहे ते द्या, ही मागणी सुरू झाली. महाडच्या आधी सात वर्षे, क्रिकेटच्या मैदानावर, हा सत्याग्रहच होता. 1923 चे विठ्ठलरावांचे कर्णधारपद त्यांच्या फलंदाजीइतकेच या नकाराचेही फळ आहे. गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या प्रचाराने हवा बदलली होती हेही खरे, पण बदललेल्या हवेचा फायदा अडून बसलेल्यांनाच मिळाला.

पुढे बाळू आणि बाबासाहेब समोरासमोर आले. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत की नाही यावरच्या 1932 च्या वाटाघाटींत बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होते. फेब्रुवारी 1937 च्या निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेसाठी काँग्रेसने बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. बाळूंना काँग्रेसचे बाहुले म्हणून निकालात काढणारे लेखन माझ्या वाचनात आले आहे. मला ते पटत नाही. ज्याला क्रिकेटने, जिमखान्याने, रानड्यांच्या शब्दाने एकेक पायरी वर नेले, त्याला सवर्णांच्या सद्‌बुद्धीवर भरवसा वाटला तर त्यात नवल नाही. त्यांचा अनुभव खरा होता, तो फक्त सर्वांचा नव्हता. ज्यांच्या वाट्याला कुणी ग्रेग आला नाही त्यांचा अनुभव बाबासाहेब मांडत होते, आणि मतदारांनी थोड्या फरकाने का होईना, तो आपला मानला.

महाडच्या काही सवर्णांनी 1927 च्या डिसेंबरात, तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची रूढी अनादि आहे असे म्हणत दावा लावला होता. तो नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी निकाल दिला: अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. बाळू आणि बाबासाहेबांच्या निवडणुकीला तेव्हा महिनाच झाला होता. कागदोपत्री पाणी मोकळे झाले.

बाळू 4 जुलै 1955 रोजी मुंबईत वारले. विठ्ठलरावांनी या सगळ्या काळाची हकिकत ‘माझे क्रीडा-जीवन’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ते 1948 साली प्रसिद्ध झाले. 20 मार्चला महाडला जाणाऱ्यांनी आणि क्रिकेटवर जीव टाकणाऱ्यांनी, दोघांनीही ते शोधून वाचावे.